पाठदुखीची शाळा



भातलावणीच्या दिवसांत गावोगाव एक तक्रार ऐकू येते, ‘कंबर धरली.’ त्यावर सल्लाही ठरलेला असतो, ‘पडून राहा.’ मी सातवीत असताना माझ्या वडिलांना हाच सल्ला मिळाला. तीन आठवडे ते फळीवर निजून होते. लावणी शेजाऱ्यांनी उरकली. वडील उठले तेव्हा पायांत बळ नव्हते, आणि ओणवे होण्याची जी धास्ती बसली ती कायमची. हा सल्ला आला कुठून आणि बदलला कसा, ते आज पाहू.

लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना या विषयावरची आपली व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने छापली. मोडलेले हाड न हलवता ठेवले की सांधते. मग दुखरी पाठही तशीच ठेवावी, असा विचार पुढे रूढ झाला. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधल्या चकतीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब देतो, हे दाखवून दिले. शोध खराच होता. पण साध्या कंबरदुखीतही लोकांना सरकलेली चकती दिसू लागली!

१९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे एक गंमत झाली. रॉबिन मॅकेंझी या व्यायामोपचारकांच्या दवाखान्यात एक रोगी, डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा निजला. पाठ चांगलीच मागे वाकलेली. तेव्हा ही स्थिती अपायकारक मानीत. पण पाच मिनिटांनी पाहतात तो पायातली कळ गेलेली! हा उपाय सर्वांना लागू पडत नाही, हे खरे. मॅकेंझींनी मात्र त्यातून एक सूत्र धरले : रोग्याने आपला उपाय आपण शिकावा. १९८० साली त्यांनी खास रोग्यांसाठी पुस्तकच लिहिले.

दरम्यान १९६९ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ मारियान साक्रिसन-फोर्शेल या बाईंनी चक्क पाठीची शाळा काढली. लहान गट, चार पाठ. पाठीची रचना, उचलण्या-वाकण्याची रीत, व्यायाम, सगळे समजावून सांगायचे. व्होल्व्हो मोटार कारखान्यातील कामगारांवरचा अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. शाळेत बसलेले कामगार, नावापुरता शेक घेतलेल्यांपेक्षा लवकर कामावर आले. दुखणे पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

शेवटचा निवाडा १९९५ साली हेलसिंकीत झाला. नगरपालिकेच्या १८६ नोकरांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला झेपेल तसे रोजचे काम. लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटाचे लोक. सर्वांत मागे राहिले ते निजलेले.

तेव्हा नवी उसण भरली तर हिंडतेफिरते राहावे. दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले तर नियमित व्यायाम करावा. त्यात अमुकच प्रकार श्रेष्ठ असे ठरलेले नाही. पण ताप आला, पायातले बळ गेले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तडक डॉक्टर गाठावा.

माझ्या वडिलांना औषध कमी पडले नाही, श्रोतेहो. ‘हालचालीने पाठ मोडत नाही,’ हे एक वाक्य त्यांना कुणी सांगितले नाही. शिक्षकबंधूंनो, ते सांगायला फळा आणि खडू पुरे आहेत.