कारूऱ्याची साक्ष

नववीच्या वर्गाला उर्दूचे मुहावरे शिकवताना 'कारूरा मिलना' हा मुहावरा आला की आम्ही थोडे अडखळतो. अर्थ सोपा आहे : दोघांचे स्वभाव जुळणे, गट्टी जमणे. आमची दादी मोहल्ल्यातल्या दोन जिवलग बायकांविषयी बोलताना हा मुहावरा हमखास वापरायची. मुले तो पाठ करतात, वाक्यात उपयोग करतात आणि मग एखादा मुलगा विचारतोच, "सर, कारूरा म्हणजे काय?" कारूरा म्हणजे काचेची बाटली आणि हकिमाच्या भाषेत त्या बाटलीतली लघवी, असे सांगितले की सगळा वर्ग हसू लागतो. पूर्वी आम्हीही त्यांच्याबरोबर हसत असू. आता हसू येत नाही. त्याचे कारण पुढे सांगू. आधी या शब्दाचा इतिहास पाहू, कारण तो आपल्याच घरात पडून आहे आणि आपण तो विसरलो आहोत.

कारूरा हा शब्द मूळचा अरबी. त्याचे अनेकवचन 'कवारीर' कुरआन शरीफमध्येही आले आहे. तेथे त्याचा अर्थ काच, स्फटिक असा आहे. हकीम रोग्याची लघवी पारदर्शक काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरून पाहत. त्यामुळे भांड्याचे नाव हळूहळू आतल्या वस्तूला लागले. दोन माणसांचे कारूरे सारखे म्हणजे त्यांचा मिजाज सारखा, अशी समजूत होती. आपला मुहावरा त्यातूनच आला.

लघवी पाहून रोग ओळखण्याची कल्पना यूनानी हकिमांच्याही आधीची आहे. आयुर्वेदाने मधुमेहात लघवी गोड होते, तिच्याकडे मुंग्या धावतात, हे फार पूर्वी नोंदवले. ग्रीसच्या बुकरातने, म्हणजे हिपोक्रेटिसने, लघवीवर बुडबुडे राहत असतील तर मूत्रपिंडाचा आजार आहे आणि तो लांबणार आहे, असे सांगून ठेवले. वाचकांनी हे बुडबुडे लक्षात ठेवावेत. दोन हजार वर्षांहून जुने हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

या निरीक्षणांना शिस्त लावण्याचे मोठे काम अरबी भाषेत लिहिणाऱ्या वैद्यांनी केले. कैरवानचे इसहाक इब्न सुलेमान अल्-इस्राईली हे यहुदी वैद्य. त्यांनी लघवीवर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अकराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातले वैद्य पुढे कित्येक शतके तो वाचत राहिले. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या 'अल्-कानून'च्या पहिल्या भागात नाडी आणि कारूरा यांवर सविस्तर विवेचन आहे. त्यातले नियम वाचताना आजच्या लॅबमधली सूचनांची पाटी वाचतो आहोत असे वाटते. नमुना सकाळचा असावा, खाण्यापिण्याआधीचा असावा. रंग बदलणारा पदार्थ आदल्या दिवशी खाल्लेला नसावा. भांडे स्वच्छ आणि पारदर्शक असावे, नमुना शिळा नसावा. मग पाहायचे काय, तर रंग, घट्टपणा, निर्मळपणा किंवा गढूळपणा, तळाशी बसलेला गाळ, प्रमाण, वास आणि फेस. पूर्वीचे काही लोक चव आणि स्पर्शही पाहत. ते आम्ही सोडून दिले, असे इब्न सीना यांनी स्पष्ट केले आहे.

हे ज्ञान दख्खनमध्येही रुजले. इतिहासकार फरिश्ता आपल्याला ठाऊक असतो तो त्याच्या तवारीखमुळे. पण निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात वाढलेल्या या माणसाने वैद्यकावरही फारसीत एक ग्रंथ लिहिला आणि त्यात हिंदुस्थानी वैद्यांच्या ज्ञानाची आदराने दखल घेतली. सतराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'योगरत्नाकर' या संस्कृत ग्रंथात लघवीवर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहण्याची तैलबिंदू परीक्षा आहे. हकिमाचा कारूरा आणि वैद्याची मूत्रपरीक्षा या मुलखात शेजारी शेजारी नांदल्या. आजही आमच्या जिल्ह्यात मालेगावजवळ मन्सूरा येथे तिब्बिया कॉलेज आहे. आणि १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि यूनानी अशा तिन्ही शाखांचे विद्यार्थी परीक्षा देतात.

मात्र अभिमानाच्या भरात खरे लपवू नये. कारूऱ्याचे पुढे अवडंबर झाले. रोग्याला न पाहता नुसत्या बाटलीवरून सगळे रोग, एवढेच काय भविष्यही सांगणारे निघाले. इंग्लंडमध्ये तर १६३७ साली अशा 'मूत्रज्योतिष्यां'ची झाडाझडती घेणारे पुस्तक निघाले. चूक लघवी पाहण्यात नव्हती. डोळ्यांना जे दिसत नाही तेही दिसते असे म्हणण्यात होती. डोळ्यांच्या पलीकडे जायचे तर रसायनशास्त्र हवे होते.

ती वाट सतराव्या शतकाच्या अखेरीस उघडली. हॉलंडमधल्या लायडनचे वैद्य फ्रेडरिक डेकर्स यांनी काही रोग्यांची लघवी आम्ल घालून तापवली, तेव्हा ती दुधासारखी पांढरी झाली. अंडे उकडल्यावर त्यातला पांढरा बलक घट्ट होतो, तसाच हा प्रकार. लघवीत प्रथिन जात होते. पण त्याचा मूत्रपिंडाशी पक्का संबंध जोडला तो लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ साली. अंगावर सूज असलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर धरत. ती गोठली की नोंद करत. रोगी दगावला की शवविच्छेदन करून मूत्रपिंडे पाहत. ती आकसलेली, खडबडीत झालेली आढळत. चमचा आणि मेणबत्ती एवढ्या साधनांवर मूत्रपिंडाच्या आजाराचे नवे शास्त्र उभे राहिले. आपल्या यूनानी ग्रंथांनी या अवस्थेला 'बौल-ए-जुलाली' असे नाव दिले. जुलाल म्हणजे अंड्यातला पांढरा भाग. ज्याला डॉक्टर अल्ब्युमिन म्हणतात, तेच हे.

लघवीत प्रथिन येते ते का? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. अल्ब्युमिन अंगासाठी मोलाचे, म्हणून गाळणी ते अडवून धरते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने गाळणीला इजा झाली की ते निसटू लागते. अशी प्रथिने जास्त झाली की लघवीला फेस येतो. बुकरातचे बुडबुडे ते हेच.

आता आमच्या घराकडे येतो. आमचे वालिद शिलाईकाम करत. भद्रकालीत त्यांचे छोटे दुकान होते. पंधरा वर्षे मधुमेह. दर तीन महिन्यांनी साखर तपासली जाई, वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन. रिपोर्टवर 'नॉर्मल' असे दिसले की आम्ही भावंडे निर्धास्त होत असू. एकदा डॉक्टरांनी लघवीही तपासायला सांगितली होती. लॅबमधून प्लास्टिकची छोटी बाटली मिळाली. ती भरून, हातात धरून, ओळखीच्या माणसांनी भरलेल्या गल्लीतून न्यायची अब्बांना लाज वाटली. बाटली फडताळात पडून राहिली. आम्हीही आग्रह केला नाही. पुढे अम्मी म्हणाली, "इनके पेशाब में साबन जैसा झाग रहता है." आम्ही बी.एड. झालेली माणसे, काय केले? बाथरूमचे फिनाईल बदलले. दोन वर्षांनी पाय सुजले, तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले निघाले आणि लघवीत प्रथिनाचा लोंढा. आज अब्बा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

रिपोर्ट खोटा नव्हता. तो वाचायचा कसा, हे आम्हाला ठाऊक नव्हते. मूत्रपिंडाचे सुमारे अर्धे बळ खर्ची पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन बहुधा 'नॉर्मल'च्या चौकटीतच राहते, कारण उरलेल्या गाळण्या जास्त काम करून घर सांभाळतात. कर्त्या माणसाने कर्ज लपवून घर चालवावे, तसे. रक्त उशिरा बोलते. मधुमेह्याच्या बाबतीत लघवी बहुधा त्याच्या कितीतरी आधी बोलते.

हे कळायलाही शास्त्राला वेळ लागला. १९५०च्या दशकात अल्ब्युमिन ओळखणारी कागदी पट्टी आली; लघवीत बुडवली की तिचा रंग बदले. पण थोडे अल्ब्युमिन तिला कळत नसे. १९६३ साली हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे कीन त्याच गायज् हॉस्पिटलचे, जिथे ब्राइट चमचा धरून बसत. पुढे १९८०च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी आणि डेन्मार्कच्या मोगेन्सन यांनी दाखवून दिले, की मधुमेह्याच्या लघवीतले हे थोडेसे अल्ब्युमिन येणाऱ्या किडनीच्या आजाराची आगाऊ वर्दी असते. आज सकाळच्या एका नमुन्यातून अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० ही सावध होण्याची पायरी. ३०० च्या वर गेले तर इजा बरीच. ताप, जंतुसंसर्ग किंवा फार दमणूक यांनीही आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरू नये, तपासणी पुन्हा करावी.

अल्ब्युमिन गाळणीची बातमी देते. गाळणीच्या पुढच्या नळ्यांना इजा झाली तर? त्यासाठी शास्त्रज्ञांनी नवे निदर्शक शोधले. त्यांना बायोमार्कर म्हणतात. १९९८ साली 'किम-१' नावाच्या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध झाला. नळीतल्या पेशी दुखावल्या की ते लघवीत उतरते. २००३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्रसाद देवराजन यांच्या गटाने 'एनगॅल' या प्रथिनाकडे लक्ष वेधले. २००५ साली त्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २० मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रिएटिनिनने ही खबर एक ते तीन दिवसांनी दिली, लघवीतल्या एनगॅलने दोन तासांत. २००८ साली अमेरिका आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी, नवे औषध प्राण्यांवर तपासताना मूत्रपिंडाची इजा ओळखण्यासाठी लघवीतले सात निदर्शक मान्य केले. २०१४ साली अतिदक्षता विभागातल्या रोग्यांसाठी दोन प्रथिनांवर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेत परवानगी मिळाली.

पण इथेही जुना धडा विसरू नये. जंतुसंसर्गातही एनगॅल वाढते. पहिल्या अभ्यासाइतका लख्ख निकाल पुढे प्रत्येक ठिकाणी मिळाला नाही. एका बाटलीवरून सगळे सांगतो म्हणणाऱ्या मूत्रज्योतिष्यावर विश्वास ठेवू नये, मग त्याच्या हातात काच असो की मशीन. आपल्यासारख्यांच्या रोजच्या उपयोगाची तपासणी साधी अल्ब्युमिनचीच आहे. मधुमेह असलेल्यांनी ती वर्षातून एकदा करावी. रक्तदाब असलेल्यांनी किती दिवसांनी करायची ते डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पारा, शिसे यांसारखे धातू किडनीला घातक असतात, म्हणून ज्यात काय आहे ते ठाऊक नाही असे कुश्ते खाऊ नयेत. जाणता हकीमही हेच सांगेल. दुखणे वेळेवर कळले तर ते मंदावणारी औषधे आज आहेत. २०१६ पासून सरकारचा डायलिसिस कार्यक्रमही आहे आणि त्यातून गरिबांना मोठा आधार मिळतो. पण सुईखाली चार तास पडलेल्या बापाकडे पाहताना मुलाला जे वाटते, ते कोणतीही योजना भरून देत नाही.

उरला प्रश्न लाजेचा. लघवी नापाक, तिचा थेंबही कपड्याला लागू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण तहारतची हीच शिकवण मिळालेल्या इब्न सीनांनी कारूरा उजेडात धरून तासन् तास पाहिला. नापाक वस्तूपासून अंग राखायचे असते, इल्म नव्हे. बाटलीला झाकण असते, पिशवी असते. बाकी उरतो तो आपल्या मनाचा संकोच.

अब्बांचे दुखणे कळल्यानंतर आम्ही तिन्ही भावांनी आपापल्या बाटल्या एकाच पिशवीत घालून लॅबमध्ये नेऊन दिल्या. दोघांचे ठीक निघाले. थोरल्या भाईंचे गुणोत्तर ६२ आले. तीन महिन्यांत पुन्हा तपासले, तरी तेवढेच. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल. ना सूज, ना वेदना. लघवीला साधा फेसही नव्हता. त्यांना औषध सुरू झाले आहे आणि त्यांनी मीठ कमी केले आहे. अब्बांना जी वेळ मिळाली नाही, ती भाईंना मिळाली.

यंदा वर्गात 'कारूरा मिलना' आले तेव्हा मुले नेहमीप्रमाणे हसली. आम्ही त्यांना हसू दिले. मग फळ्यावर दोन मूत्रपिंडे काढली आणि सांगितले, घरी कुणाला साखरेचे दुखणे असेल तर आज जाऊन एवढेच विचारा : तुमचा कारूरा शेवटचा कधी तपासला? दुसऱ्या दिवशी वर्गातल्या अकरा मुलांनी सांगितले, "सर, कभी नहीं."