टेलिफोनचे बिल आणि केंद्र नसलेली चर्चा

विकेंद्रित संवादमाध्यमांविषयी आज जे लिहिले जाते त्यात मॅस्टोडॉन, लेमी अशी अलीकडची नावे येतात. त्यांच्या वाढीचे आलेख शेजारीशेजारी ठेवून कोण पुढे, कोण मागे, असा हिशेब मांडला जातो. मधोमध कोणी मालकच नसलेल्या चर्चेचा खर्च कोण उचलते, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात क्वचितच येतो. तो नवाही नाही. १९८०च्या दशकात यूजनेट आणि फिडोनेट या दोन अमेरिकी जाळ्यांनी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली, आणि माझ्या मते त्यांच्या वाढीतील बहुतेक फरक त्या उत्तरांतूनच उद्भवतात.

यूजनेटची कल्पना १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. तिचा पहिला कच्चा कार्यक्रम नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या स्टीव्ह बेलोविन यांनी लिहिला. युनिक्सवर चालणारा एक संगणक रात्री, दर स्वस्त असताना, दुसऱ्या संगणकाला टेलिफोन लावी. आपल्याकडील नवा मजकूर त्याला देई, त्याच्याकडचा घेई. दुसरा तिसऱ्याला तेच करी. मूळ प्रत अशी कुठे नसेच, सर्वत्र नकलाच. पोथ्यांच्या पाठपरंपरेशी परिचय असणाऱ्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. सुरुवातीस तीन असलेले संगणक १९८८च्या सुमारास दहा हजारांच्या घरात गेले. बिल विद्यापीठे, बेल प्रयोगशाळा आणि डिजिटल इक्विपमेंटसारख्या कंपन्या भरीत. संस्थेच्या एकूण टेलिफोन खर्चात ते विरून जाई. लिहिणाऱ्याला आपल्या वाक्याची किंमत कधी कळत नसे.

फिडोनेटवर ती पै-पैशाने कळत असे. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी आपला घरगुती संगणक बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांच्या संगणकाशी जोडला, तेव्हा बिल त्यांच्या स्वतःच्या खिशातून जात होते. पुढे जे शेकडो हौशी लोक जोडले गेले, त्यांचेही तसेच. काटकसर हाच या जाळ्याचा शिल्पकार ठरला. रात्रीचा एक तास ठरवण्यात आला. त्या वेळात सर्व संगणक इतर वापर बंद ठेवून एकमेकांची टपाल घेत. १९८५ मध्ये सेंट लुइसच्या मंडळींच्या पुढाकाराने गावोगावची स्थानिक जाळी आखली गेली. एका गावासाठीची सगळी पत्रे एकाच दूरच्या कॉलने एका यजमान संगणकाकडे जायची आणि तो ती गावात वाटायचा. टपालखात्याची थैलीच म्हणा ना. खुली सामुदायिक चर्चा येथे उशिराच आली. डॅलसच्या जेफ रश यांनी १९८६च्या सुमारास ‘एकोमेल’ची युक्ती काढेपर्यंत फिडोनेट हे मुख्यतः खासगी पत्रांचे जाळे होते.

यात एक मौज आहे. जेनिंग्ज स्वतः अराजकवादी विचारांचे. तरी त्यांच्याच जाळ्यात उतरंड अधिक स्पष्ट झाली. कोणाला कोणत्या क्रमांकावर फोन लावायचा हे कळण्यासाठी सर्वांपाशी एकच यादी हवी, ती दर आठवड्याला नवी हवी, म्हणजे ती करणारा कोणीतरी हवा; मग विभाग, प्रदेश, समन्वयक. नियमावलीचे सार मात्र लोभस होते: फार त्रास देऊ नये, आणि फार लवकर त्रासूनही घेऊ नये. या सगळ्यावर रीतसर संघटना बसवण्याचा प्रयत्न दशकाच्या अखेरीस सदस्यांच्या मतदानात फसला.

यूजनेटपाशी अशी यादी नव्हती, समन्वयक नव्हते. म्हणून तेथे सत्ताही नव्हती असा समज होतो. तो टिकणारा नाही. ज्या मोजक्या संगणकांवरून बहुतांश मजकूर वाहत असे त्यांचे व्यवस्थापक ठरवतील तेच गट सर्वदूर पोचत. १९८७ मध्ये त्यांनी सर्व गटांची सात शाखांत पुनर्रचना केली. वादग्रस्त विषय एका शाखेत एकत्र केल्याने, ज्याला त्यांचा खर्च नको त्याला ती शाखाच नाकारणे सोपे झाले. त्यावर रुष्ट झालेल्या ब्रायन रीड, जॉन गिलमोर आदींनी त्याच वर्षी ‘ऑल्ट’ ही शाखा काढली. रीड यांची तक्रार चक्क पाककृतींच्या गटाविषयी होती. वितरणाचा खर्च करणाऱ्याच्या हाती संपादकाची कात्री आपोआप येते, याचे इतके नितळ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९९०च्या दशकाच्या मध्यास फिडोनेटच्या यादीत तीस हजारांहून अधिक संगणक होते. हा आकडा यूजनेटच्या आकड्याशेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नाही: एकीकडे एका घरातील एक टेलिफोन, दुसरीकडे अख्खा विद्यापीठ विभाग. महत्त्वाचे आहे ते पुढचे. १९८६ मध्येच यूजनेटला इंटरनेटवरून वाहण्याची नवी रीत मिळाली होती, त्यामुळे टेलिफोन सुटला तरी ते वाढत राहिले. फिडोनेटची सारी बुद्धी दूरच्या कॉलचे पैसे वाचवण्यात खर्ची पडली होती. ती गरज सरताच जाळे ओसरले. इंटरनेट महाग असलेल्या रशियात ते अधिक काळ बहरले, हेही याच कारणाला पुष्टी देणारे. यूजनेटला त्याची फुकट वाटणारी उदारताच भोवली. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो गटांत टाकली. खर्च पोचवणाऱ्यांचा, लाभ टाकणाऱ्यांचा. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने आपली यूजनेट सेवा बंद केली, तेव्हा कमी वापराबरोबर खर्चाचेही कारण दिले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला खरी चिंता वाटावी ती अवशेषांची. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील यूजनेट १४१ चुंबकीय फितींवर साठवले होते. तो ठेवा २००१ मध्ये गूगलच्या संग्रहात गेला. फिडोनेटचे लेखन व्यक्तींच्या घरातील तबकड्यांवर होते आणि बव्हंशी त्यांच्याबरोबरच गेले. परिणामी त्या दशकाच्या संवादगद्याविषयी जे लिहिले जाते ते प्रामुख्याने विद्यापीठे व कंपन्यांतल्या माणसांच्या गद्याविषयी असते.

आपल्यालाही हा प्रश्न लागू आहे. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या यूजनेट गटात १९९०च्या दशकात मराठी माणसे, त्यांत अमेरिकेतील बरीच, रोमन लिपीत मराठी लिहीत होती: कवितांच्या आठवणी, शब्दांचे वाद, भांडणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने यूजनेटचा नवा मजकूर घेणे थांबवले, जुना तेवढा वाचण्यासाठी ठेवला. देवनागरीत शोध घेणाऱ्याला त्यातले काहीच सापडत नाही. रोमनमध्ये प्रत्येकाने आपापल्या मनाने केलेली अक्षरजुळणी ओळखूनच तो शोधावा लागतो.