तळं, बर्फ आणि विजेचं बिल

मार्च २०१७. बँकॉकमध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एक रिवाज आहे. सामना संपला की दोन्ही संघ बर्फावर रांगेत उभे राहतात आणि जिंकलेल्या संघाचं राष्ट्रगीत वाजतं. आदल्याच वर्षी तैपेईला हा संघ पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत उतरला होता. तिथे सगळे सामने हरला, म्हणजे प्रत्येक वेळी दुसऱ्यांचं राष्ट्रगीत ऐकत उभा राहिला. बँकॉकला पहिल्यांदा आपलं वाजलं आणि मुलींना रडू आवरलं नाही. त्यातल्या बहुतेक लडाखच्या, कित्येक तर शिकणाऱ्या. स्पर्धांना जायला लोकवर्गणी काढावी लागलेला हा संघ.

मला या बातमीत विजयापेक्षा पत्ता जास्त खटकला. जिथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो तिथल्या मुलींना बर्फावरचा पहिला विजय मिळाला तो बँकॉकमध्ये. तोही फिलिपिन्सविरुद्ध. या दोन्ही ठिकाणी आकाशातून बर्फ कधीच पडत नाही. मग हा थंड देशांचा खेळ आहे असं आपण कशावरून म्हणतो?

मी गोंदियाचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो, बर्फ नव्हे. तरीही बर्फ जिल्ह्याला परका नाही. तलावांतली मासळी बाहेर पाठवायची तर बर्फ लागतो. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं असतं. मीठ घातलेलं पाणी शून्याखाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून ते यंत्राने गार करतात आणि त्यात साध्या पाण्याने भरलेले डबे बुडवून ठेवतात. काही तासांनी लादी तयार. आइस हॉकीचं मैदान म्हणजे हीच लादी, फक्त आडवी पसरलेली. काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं, त्यातून फिरणारं मिठाचं किंवा ग्लायकॉलचं गार पाणी आणि वर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ. मैदान साधारण साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद. यंत्र बंद पडलं की काही तासांत डबकं.

खेळाची आणि यंत्राची जन्मतारीखही जवळजवळ एकच. छपराखालचा पहिला नोंदलेला सामना माँट्रियलला ३ मार्च १८७५ रोजी झाला, तो नैसर्गिक बर्फावर. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, जॉन गॅम्गी या माणसाने लंडनमध्ये यंत्राने गोठवलेली पहिली रिंक उघडली. मुंबईत त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८३४ मध्ये, अमेरिकेच्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने आला होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइसक्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा मुंबईच्या इतिहासात कायमचा बसला आहे. पुढे बर्फ इथेच यंत्राने होऊ लागला तेव्हा जहाजाचा धंदा बसला. म्हणजे बर्फाची हवामानाशी असलेली गाठ दीडशे वर्षांपूर्वीच सुटली होती. आपल्या डोक्यातून ती सुटली नाही, एवढंच.

आशियातल्या युवा आइस हॉकीचा इतिहास याच गाठीभोवती फिरतो. आंतरराष्ट्रीय महासंघ १९८४ ते २००२ या काळात आशिया-ओशनियातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा भरवत होता. तिथले नेहमीचे गडी जपान, चीन, दक्षिण कोरिया. थंडीही असलेले आणि रिंकाही असलेले देश. उष्ण देश या पंगतीत बसले ते मॉलमुळे. हाँगकाँग, बँकॉक, मनिला, क्वालालंपूर इथे खरेदीला आलेल्यांना रमवायला मॉलवाल्यांनी रिंका बांधल्या. पोरं आधी कठडा धरून घसरली, मग कठडा सोडला, मग हातात काठी आली. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला फिलिपिन्सचा फिगर स्केटर मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ मॉलमधल्याच रिंकवर घडला. २०१७ च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि सुवर्ण फिलिपिन्सने नेलं. आखातात मॉलच्या जोडीला तेलाचा पैसा आला. २००८ पासून या नवख्या संघांसाठी ‘चॅलेंज कप ऑफ एशिया’ सुरू झाला. २००९ मध्ये भारताचे पुरुष त्यात पहिल्यांदा खेळले. कुठे? अबूधाबीत.

आपल्याकडे मॉल नव्हता, फौज होती. सिमल्याची नैसर्गिक रिंक १९२० ची, पण तिथला थाट स्केटिंगचा. लडाखमध्ये हा खेळ सैनिकांबरोबर रुजला. हिवाळ्यात रस्ते बंद, करायला काही नाही, तळी गोठलेली. लेहचं करझू तळं हे मैदान झालं. आंतरराष्ट्रीय महासंघाचं सभासदत्व भारताला १९८९ मध्ये मिळालं. पण करझूवर बर्फ टिकतो डिसेंबरच्या शेवटापासून फार तर फेब्रुवारीपर्यंत. दोन महिने. रात्री पाणी मारायचं, थर गोठू द्यायचा, पुन्हा पाणी मारायचं. सकाळी खेळायचं, दुपारी ऊन वर आलं की थांबायचं. बँकॉकचा पोरगा बाराही महिने सराव करतो, लेहची पोरगी दोन महिने. मग उरलेले दहा महिने ती धावणार, रोलर स्केट घालणार, जमलं तर गुरुग्रामच्या मॉलमधल्या छोट्या रिंकवर जाणार. म्हणजे तीही शेवटी मॉलमध्येच. शिवाय हिवाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सोडतो.

या सगळ्यावर एक उत्तर देशाने बांधलंही होतं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनमध्ये ‘हिमाद्री’ ही पूर्ण मापाची, छपराखालची रिंक उभी राहिली. २०१२ चा चॅलेंज कप तिथेच झाला आणि त्यातच भारताच्या पुरुषांनी मकावला हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. घरच्या बर्फावर. त्यानंतर ती रिंक बंद पडली. एक-दोन वर्षं नाही, दशकाहून जास्त काळ. बांधायला पैसा होता, चालवायला नव्हता. सगळ्यात मोठा खर्च विजेचा. आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. त्यापुढे एका रिंकची भूक काहीच नाही. वीज नव्हती असं नाही, बिल कोणाच्या नावावर हे ठरलेलं नव्हतं. २०१२ मध्ये डेहराडूनला प्रेक्षकांत बसलेला दहा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांचा होऊन युवा संघाच्या वयातून बाहेर पडला, तरी दार बंदच. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. नवं काही सुरू करायला सगळे फोटोत असतात, ते चालू ठेवणारा माणूस कोणाच्या तक्त्यात नसतो.

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला याचं नवल वाटू नये. आमचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच कथेतले. कोहळी समाजाच्या लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी उतार ओळखून पाळी घातल्या, धानाला पाणी दिलं, नवेगाव बांधसारखा अफाट जलाशय उभा केला. तलाव कोणी राखायचा, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला आधी, हे गावाला पाठ होतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती, तलाव सरकारचे झाले. मालकासोबत राखणही गेली. गाळ साचत गेला, पाळी फुटल्या, अनेक तलावांत आता अर्धंही पाणी मावत नाही. तलाव बुजायला पन्नास वर्षं लागतात, रिंक वितळायला एक रात्र. फरक वेगाचा.

म्हणून करझूकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. त्या तळ्यावर रात्री पाणी मारणारी माणसं क्लबची, मोहल्ल्यातली, बहुतेक वेळा खेळाडूच असतात. तिथे राखण कोणाची हा प्रश्न कधी पडला नाही. अडचण फक्त सूर्याची. डेहराडूनला सूर्याचा बंदोबस्त होता, माणसांचा नव्हता. एकाच देशात दोन अर्धी मैदानं, आणि मुलं त्यांच्यामधल्या रस्त्यावर.

२०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. उन्हाळ्यात महिला संघाने आशिया कपमध्ये कांस्यपदक आणलं. स्पर्धा होती संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला, बाहेर वाळवंट. ऑगस्टमध्ये हिमाद्री पुन्हा गोठली आणि तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. महाराष्ट्रातली मुलंमुली अलीकडे बर्फावरच्या स्केटिंगमध्ये राष्ट्रीय पदकं आणतात. त्यातली कित्येक रोलर स्केटवर, डांबरावर आणि फरशीवर शिकलेली. त्यांना डेहराडून लेहपेक्षा बरंच जवळ. नागपूरहून रेल्वेने जाता येतं. स्पर्धा संपल्यावर पाहुणे संघ परतले. कॉम्प्रेसर चालू ठेवायचा तर दर महिन्याला बिल येणार, आणि पुढची आशियाई स्पर्धा दर महिन्याला नसते.