बलुते, रोज आणि उक्ते

पूर्वी सुतार, लोहार, कुंभार आदी बलुतेदार वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य नेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. नांगर-कुळवाची डागडुजी बलुत्यात होई. नव्या घराच्या तुळया, दारे, चौकटी यांची मजुरी वेगळी ठरे.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. पीक बुडाले की खळे रिकामे, आणि कारागिराची कणगीही रिकामी. १९७२ च्या दुष्काळात शेतकऱ्यांबरोबर कारागीरही खडी फोडावयास गेले.

पुढे रोख मजुरीची चाल पडली. तिच्या रीती दोन. रोजाने लावल्यास काम निगुतीने होते, पण लांबते. उक्ते दिल्यास आकडा आधी कळतो, पण कामाची घाई होते. म्हणून जाणती मंडळी दगडी बांधकाम ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने देत; जुन्या लाकडाची दुरुस्ती व कोरीव काम रोजाने करवीत. उचल द्यावी, पण झालेल्या कामापुरती. आणि काम पुरे होताच बाकी त्याच दिवशी चुकती करावी.

मंदिराच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. ते कोरणाऱ्याचे नाव कोठेच नसते. त्याचा दाम वेळेवर त्याच्या हाती पडावा, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.