व्यवस्थापन परिषद, विद्यापीठीय

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठाचा कारभार चालविणारे व धोरण ठरविणारे प्रमुख प्राधिकरण. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यानंतर हे काम दीर्घकाळ ‘सिंडिकेट’कडे होते, १९७४ च्या कायद्याने कार्यकारी परिषद व १९९४ च्या कायद्याने व्यवस्थापन परिषद हे नाव रूढ केले. सध्याची रचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार असून तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला.

कुलगुरू अध्यक्ष व कुलसचिव सचिव असतात (→ कुलगुरू). प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक व नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी अधिसभेतून येतात (→ अधिसभा). मालमत्ता, करारमदार, देणग्यांचा स्वीकार आणि विद्यापीठाच्या मुद्रेच्या ताब्याची व्यवस्था हे विषयही परिषदेकडे असतात. अर्थसंकल्प मात्र तिच्याकडून पुढे अधिसभेसमोर जातो. अभ्यासक्रम व परीक्षांचे शैक्षणिक निकष विद्यापरिषदेच्या कक्षेत येतात (→ विद्यापरिषद).

बैठकीत आधीचे इतिवृत्त कायम करून विषयपत्रिकेवरील बाबी क्रमाने घेतल्या जातात. ठराव इतिवृत्तात नेमका उतरणे अत्यंत महत्त्वाचे, कारण पुढची अंमलबजावणी त्याच शब्दांवर चालते. तातडीच्या प्रसंगी कुलगुरू स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतात व नंतर तो संबंधित प्राधिकरणाला कळवितात.