नातवंडसंगोपन (अहिल्यानगर जिल्हा)

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले हंगामभर आजी-आजोबांनी गावी सांभाळण्याची रीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांत ती विशेष आढळते. जिल्ह्याच्या उत्तरेत प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावर ऊस आणि कारखाने वाढले. १९५० च्या सुमारास उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी कारखाना याच जिल्ह्यातला. ऊस तोडायला घर सोडणारेही याच जिल्ह्यातले.

तोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मुलांपायी मागे राहिली तर अर्धाच कोयता उरतो आणि मुकादमाकडून मिळणारी उचलही घटते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की शाळकरी मुले आजीच्या हवाली होतात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप संपेपर्यंत), साधारण मार्च-एप्रिलपर्यंत. आजी नसेल तर थोरल्या मुलीची शाळा सुटते किंवा सगळे बिऱ्हाडच फडावर जाते. ऊस स्वस्तात तुटतो त्यात आजीचा असा वाटा आहे.

अनेक आज्यांनी उमेदीत स्वतः कोयता चालवलेला असतो. नातवंडे झाली की तो सुनेकडे जातो. गावातली मजुरीही मग आखडते. कापूसवेचणी नेमकी याच महिन्यांत येते आणि तिचे पैसे किलोवर मिळतात. पोरांना शाळेत धाडून उशिरा शेतात पोचलेल्या बाईचे वजन कमीच भरणार. लांबच्या गावचे काम सुटते, दारच्या शेळ्या तेवढ्या राहतात. आजोबांच्या रोजंदारीला सहसा इतका धक्का लागत नाही.

मुलाकडून दरमहा पैसे येतीलच असे नसते. निघताना उचलीतून भरलेले धान्य आणि थोडी रोकड यांवर हंगाम काढायचा. उचल फिटली नाही तर परतलेल्यांचेही हात रिकामे. अशा घरात श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन (२०२३ पासून दरमहा १,५०० रुपये) वह्या-पेन्सिलींवरही खर्ची पडते. ज्येष्ठांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुले व सज्ञान नातवंडे यांच्यावर जबाबदारी टाकतो. ज्येष्ठ उलट जे सांभाळतात, त्याचा मोबदला तो ठरवत नाही.

हंगामी वसतिगृहांतून मुलांच्या जेवणाची सोय होते. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांच्या पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेड आहेत. शाळेच्या वयाखालची पोरे मात्र यात बसत नाहीत. घर सोडणेच थांबल्याचे उदाहरणही जिल्ह्यात आहे: नगर तालुक्यातील हिवरे बाजारात १९९० नंतर पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी टिकले आणि कामासाठी बाहेर पडलेली अनेक कुटुंबे गावी परतली.