टीकाकाराची साक्ष

परीक्षण वाचून चित्रपटास जाणारे रसिक आपल्यांत थोडे नाहींत. परंतु तेंच परीक्षण पन्नास वर्षांनीं पुन्हा वाचलें तर त्यांतील काय टिकतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. अमेरिकेंतील विख्यात टीकाकार पॉलीन केल यांच्या उदाहरणावरून त्याचा आज थोडा विचार करूं.

केलबाई १९१९ सालीं कॅलिफोर्नियांत जन्मल्या व २००१ सालीं वारल्या. आरंभीच्या काळांत त्यांनीं आपलीं परीक्षणें बर्कली येथील नभोवाणी केंद्रावरून, वेतन न घेतां, वाचून दाखविलीं. त्यांच्या लेखनांतील बोलका सूर अखेरपर्यंत गेला नाहीं. १९६८ पासून त्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकांत नियमितपणें लिहूं लागल्या. चित्रपट बहुधा एकदांच पाहावा आणि मनावर उमटलेला ठसा निर्भीडपणें सांगावा, असा त्यांचा बाणा होता.

त्याच वर्षीं हॉलिवुडची जुनी नीतिसंहिता जाऊन प्रेक्षकांच्या वयाप्रमाणें चित्रपटांची वर्गवारी सुरू झाली. दिग्दर्शकांस मोकळीक मिळाली. केलबाईंनीं तिचें स्वागत केलें; पण डोळे मिटून नव्हे. १९७२ च्या 'गॉडफादर'मध्यें त्यांना धंदा आणि कला यांचा उत्तम संगम दिसला. उलट 'डर्टी हॅरी' या १९७१ च्या चित्रपटांतील कौशल्य मान्य करूनहि, कायदा झुगारणाऱ्या पोलिसाच्या त्यांतील गौरवास त्यांनीं फॅसिस्ट वृत्तीचा म्हणून दोष दिला. त्याच सालच्या 'क्लॉकवर्क ऑरेंज'विषयीं लिहितांना, पडद्यावरील क्रौर्याची संवय होऊन प्रेक्षकांचीं मनें बोथट होतील, अशी भीति त्यांनीं बोलून दाखविली.

१४ ऑक्टोबर १९७२ रोजीं न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवांत बेर्तोलुच्चीचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' दाखविला गेला. केलबाई भारावून गेल्या. १९१३ सालीं पॅरिसमध्यें स्त्राविन्स्कीच्या क्रांतिकारक नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला, त्या दिवसाशीं त्यांनीं ह्या दिवसाची तुलना केली. वितरक कंपनीनें सबंध परीक्षणच जाहिरात म्हणून छापलें!

त्यांतील नायिका मारिया श्नायडर चित्रणाच्या वेळीं अवघी १९ वर्षांची होती. २००७ सालीं तिनें सांगितलें कीं, अत्याचाराच्या एका प्रसंगाची कल्पना तिला आयत्या वेळीं देण्यांत आली. प्रसंग नाट्यांतला होता, परंतु अश्रू खरे होते. २०११ सालीं ती वारली. त्या प्रसंगांतील एक तपशील आपण मुद्दाम तिच्यापासून लपविला होता, हें पुढें २०१३ सालीं स्वतः बेर्तोलुच्चीनें कबूल केलें.

मग केलबाईंचें मत खोटें ठरलें काय? पडद्यावर जें दिसलें त्याची साक्ष त्यांनीं प्रामाणिकपणें दिली. पडद्यामागील गोष्ट त्या रात्रीं त्यांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. तरीहि एक गोष्ट मनास टोंचते. क्रौर्य प्रेक्षकांच्या मनाचें काय करतें, हा प्रश्न ज्या टीकाकारानें इतक्या तळमळीनें विचारला, तिला तें सोसणाऱ्या नटीचें काय होतें, हा प्रश्न त्या भारावलेल्या क्षणीं सुचला नाहीं. आणि तो तेव्हां सुचलेले प्रेक्षकहि फार नव्हते.

म्हणून टीकाकाराचें मत साक्ष म्हणून आदरानें ऐकावें. निकाल म्हणून तें कायमचें स्वीकारूं नये. नवा पुरावा पुढें आला म्हणजे खटला पुन्हा ऐकण्याची जबाबदारी मागून येणाऱ्या प्रेक्षकांची, म्हणजे आपलीच आहे.